तिसरी हाक

संगीत महाविद्यालयाच्या शिपायाला तिला विचारायला गेली एकोणीस वर्षं एकच प्रश्न पुरत होता. "काय साथबाई, आज कोणाबरोबर?" ती हसून अंगठ्याने मागे दाखवायची. मागे एखादी घाबरलेली पोरगी नाहीतर पोरगा उभा असायचा, हातात पाण्याची बाटली आणि तरीही तोंडाला कोरड. प्रवेशाच्या चाचणीला गाणाऱ्याने आपली साथ आपण आणायची, असा तिथला नियम होता. ज्याला पियानोवर साथ करणारं कोणी मिळत नसे, तो तिच्याकडे येई. ज्याला मिळत असे, तोही बहुतेक वेळा तिच्याकडेच येई, कारण पियानोवर साथबाई असल्या की बुडणारा बुडत नाही, अशी तिची ख्याती होती.

आणि ती काही उगीच नव्हती. कोणी ओळ विसरलं, तर ती तेवढा तुकडा असा फिरवून आणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं असंच असणार. कोणी घाईत सुटलं, तर ही मागून धावत जाऊन त्याला गाठायची. कोणाचा श्वास कुठे संपणार हे तिला त्याच्या खांद्यांवरून आधीच कळायचं. आणि सुरुवातीचा तुकडा वाजून झाला तरी गाणाऱ्याच्या गळ्यातून सूर फुटला नाही, तर चेहऱ्यावरची रेघही न हलवता ती तोच तुकडा पहिल्यापासून वाजवायची. दुसऱ्या फेरीला बहुतेक जण यायचेच. अशी किती पोरं तिने त्या इमारतीत आत ढकलली असतील, देव जाणे. ती स्वतः मात्र बाहेरची बाहेरच राहिली.

राहिली ती चांगुलपणाने. चांगुलपणा माणसाचं जेवढं नुकसान करतो तेवढं शत्रूही करत नाही, पण हे चांगल्या माणसांना सांगून उपयोग नसतो. तिचे वडील एका सभागृहाचे रखवालदार होते. कार्यक्रम संपला की ते खुर्च्या एकावर एक रचत आणि ती रंगमंचावरच्या जुन्या पियानोवर नुकतंच ऐकलेलं वाजवून बघत असे. पुढे नोटेशन वाचायला शिकली, तेही पुस्तकावरून, धडपडत. वयाच्या विसाव्या वर्षी ती या महाविद्यालयात स्वतः चाचणी द्यायला आली होती. बाहेरच्या बाकावर एक मुलगी हमसून हमसून रडत होती. तिचा साथीदार आलाच नव्हता आणि गाण्याच्या खोलीतून तिला बोलावणं आलं होतं. "चल, मी वाजवते," म्हणून ही उठली. त्या मुलीचं गाणं रंगलं. ही बाहेर आली तेव्हा शिपाई यादीतल्या एका नावावर तांबडी रेघ ओढत होता. तीन हाका मारायच्या, उमेदवार आला नाही तर नाव खोडायचं, हाही तिथलाच नियम. शिपाई नोकरीला नवीन होता आणि नवा माणूस नियमाला फार धरून असतो.

तिने वाद घातला नाही. पुढच्या वर्षी येऊ, असं ठरवलं. पुढच्या वर्षी दोन मुलींनी साथीला विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षी पाच जणांनी. मग लग्न झालं. सकाळी लहान मुलांच्या नृत्यवर्गात पियानो वाजवायची नोकरी लागली, आणि 'पुढच्या वर्षी' हे शब्द हळूहळू नुसते बोलण्यापुरते उरले.

यंदा घोडं पुन्हा चालायला लागलं ते सासूबाईंमुळे. यंदाची गाणारी पोरगी सरावाला घरी येत असे. उंच, सडपातळ, आवाज असा की खिडकीची काच थरथरावी, पण कोणी समोर बसलं की तिच्या पाचावर धारण बसायची. एका दुपारी ती आपला प्रवेश-अर्ज पियानोवरच विसरून गेली. सासूबाई तिथेच बसून मटार सोलत होत्या. पियानोच्या झाकणाइतकी सोयीची जागा घरात दुसरी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. समोर छापील कागद दिसला की तो शेवटपर्यंत वाचायचा, मग तो औषधाच्या खोक्यातला का असेना, ही त्यांची खोड.

"अगं सूनबाई," त्यांनी हाक मारली. "यात लिहिलंय, वयाची अट चाळीस. तुला चाळीस कधी पूर्ण होतात?"

"पुढच्या महिन्यात. का हो आई?"

"आणि चाचणी?"

"या महिन्याच्या शेवटी."

"म्हणजे अजून आहेस तू माणसांत," सासूबाई म्हणाल्या आणि एक मटार तोंडात टाकला. "भर अर्ज."

ती हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काढली होती. "मी काय शिवलं आयुष्यभर, माहितेय ना तुला? कॉलरी. शर्टाच्या कॉलरी. बाह्या दुसरी शिवायची, खिसा तिसरी, बटणं चौथी. लाखभर कॉलरी शिवल्या असतील मी, पण आख्खा शर्ट एक नाही. निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले, कापड घेतलं आणि म्हटलं, आता शिवते. तर बाही कशी लावायची ते येईना. रडले मी त्या दिवशी. कोणाला सांगितलं नाही." त्यांनी सालांचा ढीग वर्तमानपत्रात गुंडाळला. "तू पण कॉलरीच शिवतेयस, पोरी. एकदा तरी आख्खा शर्ट शिव. बिघडला तर बिघडला."

तिने दुसऱ्याच दिवशी अर्ज आणला. नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेच लिहायचं होतं, म्हणजे माहेरचं. ते लिहिताना तिला दोनदा थांबावं लागलं. 'शिक्षकाचे नाव' या रकान्यापाशी तर घोडं पेंड खायला लागलं. शिक्षक कोण? सासूबाई म्हणाल्या, "माझं लिही, मी कोणाला घाबरत नाही." शेवटी तिने वडिलांचं नाव लिहिलं आणि पुढे खरं ते लिहिलं, सभागृहाचे रखवालदार. महाविद्यालयातल्या कारकुनाने अर्ज घेतला आणि वर न बघताच म्हणाला, "उमेदवाराची सही राहिलीय. तिला पाठवा." तिने तिथल्या तिथे सही केली. तेव्हा कुठे त्याने वर बघितलं.

पियानोला चार जागा होत्या आणि अर्ज आले होते त्र्याहत्तर. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. एक रचना महाविद्यालयाने ठरवून दिलेली, दुसरी उमेदवाराच्या आवडीची. आवडीची म्हणून तिने तेच गाणं घेतलं जे तिने शंभर जणांसाठी वाजवलं होतं आणि एकदाही स्वतः म्हटलं नव्हतं. गाण्याची चाल आता उजव्या हाताने वाजवायची आणि साथ डाव्या हाताने सांभाळायची, अशी तिने ती स्वतः बसवली.

पण खरी अडचण निराळीच होती. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. तो शेजारच्या खोलीत चहा घेत बसे आणि कान देत असे. तिसऱ्या दिवशी तो दारात येऊन म्हणाला, "तू सुरू केलंस का?"

"अहो, संपलं पण!"

"मग काही ऐकू का येत नाही? गाडी नुसती आयडलवर उभी आहे. गिअर टाक की जरा."

तिला राग आला, पण तो खरं बोलत होता. गाणाऱ्यावर कधी चढायचं नाही, हे तिच्या हाडीमासी इतकं मुरलं होतं की पियानोपुढे बसताक्षणी डावा पाय आपोआप आवाज दबका करणाऱ्या पेडलवर जायचा. सासूबाई म्हणाल्या, "स्वतःच्या घरात चोरासारखी वाजवतेस." नवऱ्याने उपाय काढला. त्याने तिच्या डाव्या पायाचा बूट लपवून ठेवला. अनवाणी पायाला पेडल गार लागायचं आणि तिच्या लक्षात यायचं. तीन आठवडे घरात एका पायात बूट घालून वाजवणारी बाई आणि तिला 'गिअर, गिअर' म्हणून ओरडणारा नवरा, असा तमाशा चालला होता. शेजाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा सासूबाईंनी त्यांना सांगितलं की वैद्यकीय कारण आहे.

हळूहळू आवाज सुटला. एक मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. त्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा ती सरावात घेतच नव्हती. तो काय, झोपेत सांगितलं तरी येईल. ती थेट चालीपासून सुरू करायची, कारण कच्चं होतं ते चालीचं.

चाचणीच्या सकाळी ती गेली तेव्हा शिपाई नेहमीच्या स्टुलावर होता. आता त्याचे केस पिकले होते आणि दोन वर्षांत तो निवृत्त होणार होता. "काय साथबाई, आज कोणाबरोबर?" तिने सवयीने अंगठा मागे केला. गाणारी पोरगी खरंच मागे होती. गाण्याची चाचणी दुपारी असली तरी धास्तीने ती सकाळीच येऊन बसली होती. त्यामुळे शिपायाचं समाधान झालं आणि खरं सांगायचं तिच्या जिभेवर आलेलं तिथेच राहिलं.

सकाळी पियानो. बाकावर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं रांगेने बसली होती आणि मांड्यांवर बोटं नाचवत होती. साथबाई गाणाऱ्या पोरीला धीर देत होती. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते आणि ही ते चोळून गरम करत होती. शिपायाने दार उघडून एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही.

त्याने पुन्हा पुकारलं, जरा वरच्या आवाजात. साथबाईने मान वर करून बाकाकडे बघितलं. कोणाची पोरगी ही, कुठे गेली ऐन वेळी, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्या पोरीची दयाही आली.

शिपायाने कानावरची तांबडी पेन्सिल काढली. तिसऱ्यांदा तो नाव एकेक अक्षर सुटं करून ओरडला. तेव्हा गाणाऱ्या पोरीने साथबाईच्या पर्सवर ठेवलेली क्रमांकाची चिठ्ठी उचलली, वाचली आणि तिचा दंडच धरला. "मावशी! अहो, हे नाव तुमच्या चिठ्ठीवर आहे!"

लग्न झाल्यापासून त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. घरी ती सूनबाई होती, नवऱ्याची 'अगं', पोरांची मावशी आणि या इमारतीत साथबाई. स्वतःचंच नाव तिला परक्या पोरीचं वाटलं होतं. ती ताडकन उठली. "मी! मीच ती! खोडू नका!"

शिपायाच्या हातातली पेन्सिल तशीच हवेत राहिली. "तुम्ही?" तो म्हणाला. मग यादीकडे, मग तिच्याकडे आणि पुन्हा यादीकडे बघत त्याने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाला.

आत तीन परीक्षक होते. मधल्या मोठ्या बाई, पांढरे केस, दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा. त्या तिला चांगल्याच ओळखत होत्या. त्यांनी मान हलवली आणि तिच्या मागे दाराकडे बघत राहिल्या. "उमेदवार?"

"मी आहे, बाई."

तिघांनीही आपापले कागद उलटसुलट केले. "बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "सुरू करा."

ठरवून दिलेली रचना तिने चुकीशिवाय वाजवली. बस, एवढंच म्हणता येईल. भीतीने डावा पाय पुन्हा आपल्या जागी गेला होता. आज दोन्ही पायांत बूट होते. डावीकडच्या परीक्षकाने कान पुढे केला आणि काहीतरी लिहिलं. ते काय असेल हे तिला कळलं.

मग आवडीची रचना. सुरुवातीचा तुकडा बोटांतून आपोआप वाहून गेला. शेवटच्या सुरावर हात थांबले, पट्ट्यांवरून उचलले गेले आणि तिने मान उजवीकडे वळवून पियानोच्या बाकाजवळ गाणारे उभे राहतात तिकडे बघितलं, खुणेसाठी. जसं शंभर वेळा बघितलं होतं.

कोणी सूर लावला नाही.

परीक्षक थांबले. आणि गाणाऱ्याने सूर लावला नाही की तिचे हात जे करायचे तेच त्यांनी केलं. चेहऱ्यावरची रेघ न हलवता ती पहिल्यापासून तोच तुकडा वाजवायला लागली. बुडणाऱ्याला वाचवायला निघाली होती बिचारी! अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की बुडणारं कोण आहे. जिथे गाणारे उभे राहत तिथली फरशी पायांनी घासून गुळगुळीत झालेली तिला दिसत होती. तिथे आज कोणी उभं नव्हतं. कोणी येणारही नव्हतं. तुकडा संपायला दोन सूर उरले होते आणि यापुढे तिसरी फेरी मारायची नाही, एवढं तिला पक्कं समजलं. आख्खा शर्ट, तिच्या मनात आलं. बिघडला तर बिघडला.

तिने डावा पाय पेडलवरून उचलला आणि बाकाखाली ओढून घेतला. आणि ज्या क्षणी गाणारी यायची, त्या क्षणी ती स्वतः आली.

काय वाजवलं तिने! शंभर जणांच्या गळ्यांतून ते गाणं तिने ऐकलं होतं. कोण कुठे घाबरतं, कोण कुठे उगीच रेंगाळतं, कुठे खरं म्हणजे थांबायलाच हवं आणि कोणी थांबत नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं. आजवर ते दुसऱ्याच्या हवाली होतं. आज पहिल्यांदा तिला कोणाचे खांदे बघायचे नव्हते. जिथे तिला श्वास घ्यावासा वाटला तिथे तिने घेतला. शेवटच्या कडव्याला तर आवाज असा उघडला की खिडकीखालून जाणारा माणूस थबकून वर बघू लागला. तिला भीती वाटत नव्हती. तिला आनंद होत होता, उघडा, निर्लज्ज आनंद, आणि तो लपवायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

शेवटचा सूर विरला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "सुरुवातीचा तुकडा दोनदा वाजवलात. कागदावर तर एकदाच आहे."

बसवलंच तसं आहे, असं म्हणता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. "हो," ती म्हणाली. "सवयीने गाणारीची वाट बघत होते. ती आली नाही."

"मग?"

"मग म्हटलं, मीच जाते."

डावीकडचे परीक्षक खो खो हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर हळूहळू, मन लावून काहीतरी लिहिलं.

दुपारी ती पुन्हा त्याच खोलीत गेली, गाणाऱ्या पोरीबरोबर. सुरुवातीचा तुकडा तिने आज जरा मोकळाच वाजवला आणि पोरगी पहिल्याच फेरीला, ऐन जागेवर, छाती भरून आली. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "सकाळी मी दाराला कान लावला होता, मावशी. म्हटलं, यांना आता आणखी फेऱ्या मारायला लावायच्या नाहीत."

आठ दिवसांनी याद्या लागल्या. नृत्यवर्ग आटोपून ती परस्पर महाविद्यालयात गेली. फलकासमोरची गर्दी ओसरली होती. तिने गाण्याच्या यादीवर बोट टेकवलं आणि वरून खाली नेलं. सातव्या ओळीवर तिची गाणारी पोरगी होती. ती जागच्या जागी नाचलीच. तिथूनच पोरीला फोन लावला. पलीकडून आलेली किंकाळी कॉरिडॉरभर घुमली. दोघी हसल्या, दोघी रडल्या. मग तिने फोन पर्समध्ये टाकला, डोळे पुसले आणि एक काम मार्गी लागल्याच्या समाधानात पायऱ्या उतरू लागली.

"अहो साथबाई!" शिपाई स्टुलावरून ओरडला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! पलीकडचा कागद कोण वाचणार?"

ती पायरीवरच थिजली. दर वर्षी ती दुसऱ्यांचीच नावं शोधून घरी जात आली होती, आज विसरली यात नवल नव्हतं. पण आता पाय वर येईनात. "तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "माझ्याने व्हायचं नाही."

शिपाई उठला. त्याने सदरा सारखा केला, चष्मा लावला आणि फलकासमोर चाचणीच्या दिवशी उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला. "पियानो," त्याने त्याच खणखणीत आवाजात सुरुवात केली. "जागा चार." पहिलं नाव घेतलं. दुसरं घेतलं. मग तो थांबला, घसा खाकरला, तिच्याकडे वळला आणि तिचं नाव, माहेरचं, पूर्ण, एकोणीस वर्षांपूर्वी ज्यावर त्याने तांबडी रेघ ओढली होती ते, रिकाम्या कॉरिडॉरमध्ये पुकारलं.

दुसरी हाक त्याला मारावी लागली नाही. पायरीवर उभ्या असलेल्या बाईने हात वर केला होता.

"हजर," ती म्हणाली.